भुकटीशिवायचं विरजण

चिंचखडकमधली पहिली गाय ७ नोव्हेंबर २०४३ रोजी मेली. पोट भरलेलं असताना ती उपासमारीनं मेली होती, हे कळायला अठरा दिवस लागले. तोवर गावातली आणखी एकतीस जनावरं गेली होती.

गाय हौसाबाई ढोबळेंची होती. मरायच्या आदल्या दिवसापर्यंत ती दोन्ही वेळचा कडबा खात होती, नेहमीपेक्षा जास्तच. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली होती आणि पाठीचे मणके लांबून मोजता येत होते. गावानं विषबाधा ठरवली. कुणी कुणाच्या वैरणीत काय टाकलं असेल यावर दोन भांडणं झाली, एक पोलीस पाटलापर्यंत गेलं.

माणदेशाच्या या कोरड्या पट्ट्यात गावगॅस योजनेच्या टाक्या येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जुन्या गोबरगॅसला शेण लागायचं आणि त्याचा गॅस व्हायला तीस-चाळीस दिवस जायचे. हे काम दोन प्रकारचे जंतू करतात. पहिले काडीकचरा कुजवून त्याची आम्लं करतात. दुसरे त्या आम्लांचा मिथेन करतात, म्हणजे चुलीत जळतो तो वायू. हे दुसरे फार सावकाश वाढतात, म्हणून सगळं काम रखडतं. नव्या टाक्यांसाठी या दुसऱ्या जंतूंनाच प्रयोगशाळेत बदलून घेतलं होतं. त्यांची संख्या अडीच तासांत दुप्पट व्हायची. वेड्या बाभळीचा पाला, तुराट्या, पाचट, काहीही चालायचं. आज टाकीत टाकलेलं परवा चुलीत जळायचं. ‘दोन दिवसांत गॅस’ असं प्रत्येक टाकीवर हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं.

इतके वेगवान जंतू मोकळे सुटू नयेत म्हणून त्यांच्या गळ्यात दावं बांधलेलं होतं. जगायला त्यांना असं एक द्रव्य लागायचं, जे निसर्गात कुठंच नाही. ते गुलाबी भुकटीतून टाकीत घालायचं. भुकटी थांबली की सहा तासांत जंतू मरत.

प्रत्येक गावात एका बाईकडं मूळ संवर्धन पाच लिटरच्या डब्यात जिवंत ठेवायचं काम होतं. कुणाची टाकी बिघडली की त्यातलं वाटीभर द्यायचं. कागदोपत्री तिला संवर्धन सेविका म्हणत. गावोगाव तिचं नाव विरजणताई पडलं. चिंचखडकची विरजणताई सुवर्णा मेटकरी. वय अठ्ठेचाळीस, बारावी पास. नवरा भानुदास एसटीत वाहक होता, नुकताच निवृत्त झालेला.

भुकटीची पाकिटं तालुक्याहून महिन्यातून एकदा यायची, वीस दिवस पुरतील एवढीच. सुवर्णानं चार अर्ज केले. उत्तर आलं नाही. इतर गावांनी महिन्याचे शेवटचे दहा दिवस टाक्या बंद ठेवायची सवय लावून घेतली. सुवर्णाच्या घरात मात्र साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवली जायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला जायचं. तिनं भुकटी पुरवून वापरायला घेतली. चमच्याऐवजी पाऊण चमचा घातला. डब्यातली फसफस मंदावली, आठवड्याभरात पुन्हा पहिल्यासारखी झाली. मग अर्धा चमचा. मग पाव. दर वेळी विरजण रुसायचं, ती थांबायची, ते सावरलं की आणखी कमी करायची. चौदा महिन्यांनी ती चिमटीवर आली. यंदाच्या अक्षय्य तृतीयेला तिनं चिमटीही बंद केली. विरजण जगलं.

एखाद्या जंतूला त्याची गरज सोडायला शिकवायचं असेल, तर प्रयोगशाळेत नेमकं हेच करतात. एकदम तोडलं तर सगळे मरतात. हळूहळू कमी केलं तर कोट्यवधींमध्ये एखादा निघतो, ज्याच्यात काही बिघाड झालेला असतो आणि जो कमी भुकटीत तगतो. इतर मागं पडतात, त्याचीच पिलावळ उरते. पुढच्या पायरीला पुन्हा तेच. सुवर्णानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा प्रयोग केला. आपण प्रयोग करतोय हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

“माझं भुकटीशिवाय चालतं,” ती सांगायची. योजनेच्या पुस्तिकेत संवर्धन गावाबाहेर देऊ नये असा नियम होता. पण विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणू नये, हा नियम त्याहून जुना. दिवेलागण झाल्यावर तेवढं द्यायचं नाही. सुवर्णानं हे दोन्ही जुने नियम पाळले.

*

२५ नोव्हेंबरला तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. रियाज शिकलगार यांनी गाव शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. पुण्याहून तपासणीचा अहवाल आला होता.

“म्हंजे इख न्हाई?” हौसाबाईंनी विचारलं.

“नाही मावशी. तुमच्या गाईच्या पोटात चाळीस किलो वैरण होती आणि अंगात चरबीचा कण नव्हता. गवत गाय पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. ते गवताची आम्लं करतात आणि त्या आम्लांवर गाय जगते. तिची बहुतेक ताकद तिथूनच येते. आता त्या पोटात तिसराच कुणी येऊन बसलाय. गाईनं आम्लं शोषून घ्यायच्या आत तो त्यांचा गॅस करून टाकतो. खाते गाय, जेवतो तो.”

“जावई म्हणा की मग,” हौसाबाई म्हणाल्या. व्हरांडा हसला. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

“डॉक्टर, गोबरगॅस आमच्या आज्याच्या काळापास्नं हाय,” भानुदास म्हणाला. “ते जंतू काय गाईच्या पोटात गेलंच नसतील?”

“गेले असतील. पण पोटातला माल दीड-दोन दिवसांत पुढं सरकतो. ते इतके सावकाश वाढायचे की जम बसायच्या आत शेणातून बाहेर. हे अडीच तासांत दुप्पट होतात. हे बाहेर पडत नाहीत.”

“पर ते पोटात गेलं कसं?”

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी दोन-तीन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. टाकीतली गॅस होऊन उरलेली रबडी ज्या बादलीत काढायची, तिच्यातच पेंड भिजवायची. घरात बादली तेवढी एकच रिकामी असायची.

“बादलीचं मी समजू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “तीन वर्षं तीच बादली आहे आणि काही झालं नाही, कारण भुकटीवाचून ते पोटात मरायचे. आता मरत नाहीत. भुकटीशिवाय जगणारं संवर्धन या गावात कुठून आलं?”

कुणी सुवर्णाकडं बघितलं नाही. न बघण्यामुळंच डॉक्टरांना कळलं.

“औषध?” तिनंच विचारलं.

“जंतू मारायचं औषध दिलं तर पोटातले सगळेच मरतात. मग गाय तशीही जाते. आणि ही फक्त गाईची गोष्ट नाही ताई. म्हैस, शेळी, मेंढी, रवंथ करणारं एकही जनावर सुटणार नाही. एका हौदावर पाणी प्यायलं तरी पुरतं. वरून आदेश आलाय. हे विरजण जिथं जिथं गेलंय, तिथून तीन किलोमीटरच्या आतलं रवंथ करणारं प्रत्येक जनावर मारायचं. मला यादी पाहिजे. तुम्ही कुणाकुणाला दिलंत?”

सुवर्णानं गावातली एकोणीस घरं सांगितली. मग बाहेरची सहा: दोन वाड्या, एक मठ, तीन पाहुणे. डॉक्टरांनी प्रत्येक नावापुढं तारीख लिहून घेतली.

“आणखी?”

“एवढंच.”

भानुदासनं मान वर केली. नागपंचमीला मेव्हणीचा विरजणाचा डबा त्यानंच स्टँडपर्यंत नेला होता, सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून. त्यानं मान पुन्हा खाली घातली.

सुवर्णाची धाकटी बहीण रोहिणी यमगर निंबखोरीला असायची. अठ्ठावीस किलोमीटर. नवरा नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर असताना वारला. त्यानंतर तिनं एका कालवडीपासून अकरा खिल्लार गाई केल्या. जनावरांच्या बाजारात पुरुष तिला नावानं ओळखत, यमगराची विधवा म्हणून नव्हे. सभेनंतर त्याच दुपारी सुवर्णानं तिला फोन केला. जनावरं ठीक आहेत, असं रोहिणी म्हणाली. ठीक आहेत तर डॉक्टरांना कशाला सांगायचं, असं सुवर्णानं स्वतःला समजावलं.

चिंचखडकमध्ये चारशे बारा जनावरं मारली. तीन दिवस लागले. पहिल्या सकाळी सुवर्णानं स्वतःच्या दोन गाई सोडून आणल्या. त्यांना इंजेक्शन देईपर्यंत दावं तिच्याच हातात होतं.

*

रोहिणीचा फोन १ डिसेंबरला सकाळी आला.

“आक्का, चांदी फुगलीया.”

सुवर्णा ओट्यापाशी उभी होती. तिनं गॅस बंद केला. “कवापास्नं?”

“कालपास्नं. खातीया तर वाघावानी. डॉक्टरला बोलवू का नको, ते सांग. बोलावलं तर सगळं गाव मोकळं करतील ना?”

“व्हय.”

“मग?”

सुवर्णानं तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. रबडीची बादली जाळून टाक, ही पहिली. दुसरी तिनं शिकलगारांना हौसाबाईंच्या दुसऱ्या गाईवर करताना पाहिली होती: डाव्या कुशीत, खुब्याच्या हाडापासून वीतभर पुढं, जिथं सर्वांत जास्त फुगलंय तिथं जाड पोकळ सुई मारायची, आत नळी सरकवायची, वायू निघून जातो.

“जगंल?”

“फुगून मरायची न्हाई,” सुवर्णा म्हणाली. हे उत्तर खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. रोहिणीचा आवाज मोकळा होता. “आक्का, नळी बसली. वास मारत हुता म्हणून नळी लांब केली, म्हणलं भाहीर सोडावी. मग म्हणलं, गॅसच हाय की हा. शेगडीला जोडला. पेटला! आत्ता च्या केलाय त्याच्यावर. चांदीचा च्या.”

सुवर्णाला हसू आलं नाही. “रोहे, ते असं करू नकोस.”

“का? वाया घालवू?”

दोघींची पुरवून वापरायची सवय एकाच आईची होती.

*

१० डिसेंबरला, गुरुवारी, सुवर्णा एसटीनं निंबखोरीला गेली. शनिवारी खरसोळचा वर्षाचा जनावरांचा बाजार होता. चार जिल्ह्यांतून चाळीस हजार जनावरं येतात, कर्नाटकातले व्यापारीही येतात. बाजारात पाण्याचे हौद सोळा आहेत.

गोठ्यात पाच गाईंना नळ्या होत्या. डाव्या कुशीतून निघालेल्या पारदर्शक नळ्या दाव्याच्या खुंट्यांवरून वर गेल्या होत्या, कौलाखालून जाऊन स्वयंपाकघरात एका पितळी जोडणीला मिळाल्या होत्या. शेगडीवर वरणाला कढ आला होता. गाई खात होत्या. पाचही गाई एकदम, न थांबता, मान वर न करता खात होत्या. चांदीच्या फऱ्याची हाडं कातड्याखालून टोकदार दिसत होती. तिच्यासमोर पाटीभर हिरवा मका होता. तो सगळा एका दिवसात चुलीत जाणार होता.

“टाकी बंदच केली,” रोहिणी म्हणाली. “ह्या पुरतात. सकाळी जास्त जोर आसतो.” ती बोलताना चांदीच्या कपाळावरून हात फिरवत होती. “चारा दुप्पट घातला की धरतील अंग. धरतील का न्हाई?”

“न्हाई.”

“तुला काय म्हाईत? तू काय डॉक्टर हायस?”

“रोहे, जेवढं जास्त घालशील तेवढा त्याचा गॅस. तिच्या वाट्याला काय येतच न्हाई. पंधरा दिसांत पडतील सगळ्या.” सुवर्णा दारातल्या दगडावर बसली. “गावात आनी कुणाकडं हाय?”

“नऊ घरं. मी दिलं न्हाई मुद्दाम. मागायला आल्या, म्हणल्या तुझ्या बहिणीचं भुकटीशिवाय चालतं म्हणं. आता नळ्या बसवायलाबी मीच जाती.”

“बाजारला जाणार कोण?”

“तिघं-चौघं. ज्यांची आजून फुगली न्हाईत ती जनावरं. दिसायला ब्येस हायत.”

“तू डॉक्टरला फोन कर. मी सांगन्यापरीस तू सांग.”

“तुला सांगायचं आसतं तर तू पंधरा दिसांपूर्वी सांगितलं असतंस.”

“तवा चुकले.”

“तवा भहीण हुतीस,” रोहिणी म्हणाली.

तिनं वरण उतरवलं, दोन ताटं केली, एक सुवर्णापुढं ठेवलं आणि स्वतःचं घेऊन गोठ्यात जाऊन बसली. सुवर्णानं दोन घास खाल्ले. मग ताट झाकून ठेवलं आणि निघाली. निंबखोरीच्या स्टँडवर बस यायला चाळीस मिनिटं होती.

“डॉक्टर, सुवर्णा मेटकरी. यादीत एक नाव राहिलंय.”

“राहिलंय, का ठेवलंय?”

“ठेवलंय.”

शिकलगार रागावले नाहीत. त्यांनी गाव विचारलं, घरं विचारली आणि सांगितलं की उद्या सकाळी तिला तिथं हजर राहावं लागेल. देणाऱ्या बाईनं घेणाऱ्या बाईचं घर समोर उभं राहून दाखवायचं, असा आदेशात नियम होता. खोटी नावं सांगून शेजाऱ्यांची जनावरं मारायला लावल्याचे दोन प्रकार मागच्या आठवड्यात घडले होते.

*

शुक्रवारी सकाळी नऊला चौदा जणांचं पथक निंबखोरीत आलं. खरसोळचा बाजार रद्द झाल्याची दवंडी तोवर फिरली होती. वेशीवर पोलीस होते. आरडाओरडा झाला, एकानं ट्रॅक्टर आडवा घातला, अर्ध्या तासानं तो काढला. सुवर्णा जीपमधून उतरली तेव्हा बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी तिच्या वाटेतून बाजूला झाली, पदर सावरून, विटाळ व्हावा तशी.

सुवर्णानं रोहिणीच्या घराकडं बोट केलं. डॉक्टरांनी यादीत खूण केली.

गोठ्यातल्या जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले होते, प्रत्येकावर बारा आकडी क्रमांक. एक कर्मचारी यंत्र लावून क्रमांक वाचत गेला. रोहिणी उंबऱ्यावर बसून होती. सहाव्या गाईपाशी तिनं डोळे मिटले, नवव्यानंतर उघडले.

“नोंद अकरा गाईंची आहे,” डॉक्टर म्हणाले. “इथं नऊ आहेत. दोन कुठंयत?”

“मेल्या.”

“कुठं पुरल्यात? बिल्ले दाखवा.”

“हरवले.”

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. थकलेला माणूस होता. गेल्या सोळा दिवसांत त्यानं स्वतःच्या तालुक्यातली तीन हजारांवर जनावरं मारली होती. “रोहिणीताई, त्या दोन जिथं असतील, तिथलं गाव आज हाती लागलं तर एका गावावर भागेल. चार दिवसांनी लागलं तर दहा गावं मोकळी करावी लागतील. कुणाला विकल्यात?”

“इकत न्हाई मी गाई.”

“मग?”

रोहिणी त्याच्याकडं बघतच नव्हती. “हितं माझी भहीण हुबी हाय,” ती म्हणाली. “तिला इचारा, घरच्या माणसाचं नाव कसं गिळायचं आसतं ते. तिला जमलं पंधरा दीस. मलाबी जमंल.”

सुवर्णाला तेव्हा उमगलं. रोहिणीला एकच मुलगी होती, प्रतीक्षा. दोन वर्षांपूर्वी बोरजाईला दिलेली, आता सातवा महिना. लेकीला दिवस गेले की आई तिच्या दारात दुभती गाय नेऊन बांधते. यमगरांच्या घरात ती पद्धत होती, सुवर्णाच्या माहेरीही होती. रोहिणीनं एक नाही, दोन पाठवल्या होत्या. चांदी फुगल्यानंतर पाठवल्या असणार, ज्या दिसायला चांगल्या होत्या त्या. निदान त्या तरी वाचतील म्हणून.

बोरजाई तळ्याकाठी होती. भोवतालच्या पाच गावांची जनावरं त्याच तळ्यावर पाणी पीत.

“सुवर्णाताई?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिचा चेहरा बघितला होता.

रोहिणीनंही बघितला. “आक्का,” ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा. “पोटुशी हाय ती. आक्का.”

सुवर्णानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “बोरजाई,” ती म्हणाली. “तळ्याच्या अंगाला, शाळंच्या मागं. प्रतीक्षा हाके.”

“तालुका?”

तिनं तालुकाही सांगितला.

रोहिणी उठली. तिनं बहिणीला शिवी दिली नाही, अंगावर धावून गेली नाही. घरात गेली आणि आतून कडी घातली. गोठ्यात पहिल्या गाईसाठी इंजेक्शन भरत होते. मग बंद दारामागून तिचा आवाज आला, फोनवरचा, मोठा, स्पष्ट, एकेक शब्द तोडलेला:

“प्रतीक्षा, गाया सोड. आत्ताच्या आत्ता. ट्रकात घाल, कुठंबी धाड, मला गावाचं नाव सांगू नगं.”

डॉक्टर शिकलगार जीपकडं धावले. बोरजाई तिथून बेचाळीस किलोमीटर होती.